सकाळचा हात

५ जानेवारी

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. पण पाच वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, तेव्हा तुझ्याकडे माझे पुष्कळ आशीर्वाद न वापरता पडून असतील. आधी ते संपव, मग नवे पाठवतो. थोरला भाऊ आहे तुझा, एवढी चेष्टा करायचा हक्क मी अजून सोडलेला नाही.

तुझी लेक इथे मजेत आहे. मीच तिला फूस लावली असं तू मनात धरून बसली असशील, तर ते साफ चूक. गेल्या जूनमध्ये भर दुपारी ती ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आईसारखं शाळेत शिकवायचं नाही, मामाच्या क्ष-किरणांच्या खोलीत काम करायचं, हा एकच हेका. मी काय तिच्या तोंडावर दार लावायला हवं होतं? एकोणीस वर्षांची झाली, पण बापाने ठेवलेलं नाव अजून सार्थ करते. इस्पितळातही सगळे तिला सुतळीच म्हणतात. अंधारखोलीत किरणांच्या फोटोंच्या काचा धुते, सुकवते, कोपऱ्यात पेशंटचं नाव घालते. तुझ्यापेक्षा हुशार आहे. राग मानू नकोस.

आता मुद्द्याचं. इस्पितळाने माझ्यावर चौकशी बसवली आहे. कारण ऐकलंस तर हसशील. एक शिंपी स्वतःच्याच सुईवर गुडघा टेकून बसला आणि सुई आत मोडली. ती कुठे आहे हे बघायला मी त्याच्या गुडघ्याच्या पाच काचा घेतल्या, प्रत्येकीला पाऊण तास. सुई सापडली, सर्जनने काढली, शिंपी चालत घरी गेला. तीन आठवड्यांनी लंगडत परत आला. गुडघ्यावर बशीएवढी कातडी गेलेली, आणि म्हणतो, तुमच्या किरणांनी भाजलं. शिंपी दिवसभर कुठेकुठे गुडघे टेकतो ते मी बघायला जातो का? पण सर्जनसाहेबांना निमित्तच हवं होतं. त्यांनी कमिटीपुढे तुझी दोन बोटं काढली. म्हणजे विषय काढला. बोटं तर त्यांनी पाच वर्षांपूर्वीच काढली होती.

किरणांनी माणसाला इजा होते की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि पुरावा म्हणून ते तुझा उजवा हात मागताहेत. इजा होते असं ठरलं तर खोलीला कुलूप लागेल आणि मी रस्त्यावर येईन. सोळा वर्षं मी या खोलीला दिली आहेत. कमिटी तुला पत्र पाठवेल. तू इतकंच लिहून द्यायचं, की काचा धुण्याच्या द्रावणाने बोटं नासली, किरणांचा काही संबंध नाही. तू सुतळीलाही पाच वर्षं हेच सांगत आली आहेस, म्हणजे तुला काही नवीन रचायचं नाही.

तुला आपल्या सकाळी आठवतात का? मला रोज आठवतात. सात वाजता काळे पडदे ओढायचे, यंत्राची घरघर सुरू व्हायची, आणि तू किरणांच्या नळीसमोर, चमकणाऱ्या पडद्यामागे हात धरायचीस. नळी रोज वेगळी वागते. कधी मऊ असते, मग मांस आणि हाड सगळं एकच काळं दिसतं. कधी इतकी कडक होते की हाडसुद्धा फिकं पडतं. आधी एखाद्या माणसाचा हात बघितल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. तुझा हात म्हणजे माझं मोजमाप होतं. सात वर्षांत तू एक सकाळ चुकवली नाहीस.

माझा स्वतःचा हात का नाही, असं तू एकदा विचारलं होतंस. एकदाच. मी म्हटलं होतं, माझा हात गेला तर काचा वाचणार कोण? त्यावर तू हसली होतीस. मी ते थट्टेने म्हटलं नव्हतं.

उत्तराची वाट बघतो.

दादा

२१ जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनी चार शब्द: ‘सुतळीला ताबडतोब परत पाठव.’ कसा आहेस म्हणून विचारलं नाहीस, तब्येतीची चौकशी नाही. दूधवाल्याला चिठ्ठी लिहावी तसं लिहिलं आहेस. दूधवाल्याला तू निदान खाली नाव तरी घातलं असतंस.

परत पाठवायला ती पार्सल आहे का? एकोणीस वर्षांच्या मुलीला मी दंडाला धरून गाडीत बसवू? तुला तिचा स्वभाव माहीत आहे, तुझाच आहे तो.

तू विचारलं नाहीस तरी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढे म्हणशील दादाने लपवलं. डिसेंबरपासून सकाळचा हात सुतळीचा असतो. मी तिला सांगितलं नव्हतं, तीच पुढे आली. परदेशात आता खऱ्या हाताऐवजी फळीवर ठोकलेला हाडांचा हात मिळतो, तो मागवू असं मी म्हटलंही होतं. पण नुसत्या हाडांवरून नळी ओळखता येत नाही, वर जिवंत मांस लागतं. आणि तिचा हात, धाकटे, काय सांगू तुला. बोटं तुझ्यासारखीच लांब. पहिल्या दिवशी पडद्यावर बघितला तेव्हा क्षणभर मला वाटलं तूच परत आलीस. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

मी हल्ली शिशाच्या पत्र्यामागे उभा राहून आरशात बघतो. तू गेल्यावर बसवून घेतला तो पत्रा. डोळ्यांना त्रास होतो म्हणून.

शिशाचा हातमोजा घालून तिला उभं कर, असा सल्ला कृपा करून देऊ नकोस. मोज्यातून हात काय दिसणार? पेशंट काही मोजे घालून जन्माला आलेले नाहीत.

कागदाचं काय करतेस ते कळव. कमिटी दोन मार्चला बसते आहे.

दादा

६ फेब्रुवारी

धाकटे,

या वेळी पत्र मोठं आहे. वाचून बरं वाटलं, शिव्या असल्या तरी माणूस आपलंच असल्यासारखं वाटतं. तू म्हणतेस, कमिटीपुढे येऊन हात टेबलावर ठेवीन आणि खरं तेच सांगेन. म्हणतेस, दादा, तुला सगळं माहीत होतं, माझं पहिलं बोट काळं पडलं तेव्हाच माहीत होतं, आणि तरी तू मला आणखी दोन वर्षं उभं केलंस.

बरं. माहीत होतं असं धरून चालू. मला तेव्हा वाटत होतं की माहीत नाही. माणसाला असं वाटू शकतं. रोज इतके लोक येत होते. मोडलेली हाडं, गिळलेली नाणी, पायात रुतलेल्या काचा. तुझ्या एका हातावर मी किती माणसं बरी केली याची तू कधी मोजदाद केलीस का? मी केली आहे. पण ते राहू दे.

तू खरं सांगितलंस तर काय होईल ते नीट बघ. कमिटी म्हणजे काही भाजी निवडणं नाही, दोन मार्चला बसली की जूनमध्ये उठेल. डॉक्टरांची मतं मागवतील, शिंप्याचा गुडघा पुन्हा पुन्हा बघतील, अध्यक्ष मध्येच आजारी पडतील. तोवर माझी खोली चालूच राहणार, पेशंट थांबत नाहीत. म्हणजे नव्वद सकाळी. नव्वद सकाळी सुतळी सात वाजता उभी राहणार. तू सही केलीस तर चौकशी त्याच दिवशी मिटते आणि तीन मार्चच्या गाडीने मी तिला तुझ्याकडे पाठवतो. सांगेन, खोलीत आता जागा नाही. मी ठामपणे सांगितलं तर ती ऐकते.

स्वतः येऊन तिला घेऊन जायचा विचार असेल तर तोही कळला. माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाने लांबच्या गावी यंत्र बसवलं आहे, त्याला माणूस हवाच आहे. तू गाडीत बसल्याचं मला कळलं की सुतळी त्या गावच्या गाडीत बसेल, आणि तिथला पत्ता माझ्या लक्षात राहणार नाही. हल्ली मी फार विसरतो.

तिला तू दोन पत्रं लिहिलीस ती माझ्या टेबलाच्या खणात आहेत. फोडलेली नाहीत. मी चोर नव्हे. पण इस्पितळाच्या पत्त्यावर आलेलं टपाल माझ्या हातून जातं, आणि त्यांत काय असेल ते कळायला फोडायची गरज नाही. पोरीच्या मनात मामाबद्दल विष नको म्हणून तू पाच वर्षं जपलंस. तेव्हा आवडली होती मला तुझी ती गोष्ट. आता एकदम कशाला बदलतेस?

तिची तब्येत विचारली आहेस. उत्तम. उजव्या हाताची कातडी थोडी कोरडी पडते, रात्री तेल लावते. नखांवर उभ्या रेघा आल्या आहेत. दोन बोटांना खाज सुटते म्हणते. तुझ्या खाजेला सुरुवात व्हायला तीन वर्षं लागली होती, हिला दोन महिन्यांत झाली. नवीन नळी फार चांगली आहे.

मसुदा सोबत आहे. तुझ्याच अक्षरात उतरवून काढ.

दादा

१८ फेब्रुवारी

धाकटे,

कागद आला. तू लिहिशील याची मला खात्री होती, आणि तरी पाकीट दाराशीच उभ्याने फोडलं हे कबूल करतो. पण काम अर्धवट केलंस. लहानपणी निबंधही असेच लिहायचीस, शेवटी शेवटी कंटाळून.

‘बोटांना झालेली इजा कदाचित द्रावणामुळे झाली असावी’ असं तू लिहिलं आहेस. कदाचित आणि असावी. सर्जन त्या ‘कदाचित’मध्ये बोट घालून सगळं उसवून काढेल. माझ्या मसुद्यात काय होतं ते परत वाच: काचा धुतल्यावर मी हात नीट कोरडे करत नसे, द्रावण बोटांच्या सांध्यांत राहायचं, त्यानेच कातडी गेली आणि जखम चिघळली, क्ष-किरणांपुढे मी सात वर्षं रोज हात धरला, त्याने मला कधी काही झालं नाही. ही वाक्यं अशीच्या अशी हवीत. हात कोरडे करत नसे हे तर हवंच. त्याने दोष तुझ्याकडे येतो आणि ऐकणाऱ्याला पटतं. माणसाने स्वतःचा गाढवपणा कबूल केला की लोक लगेच विश्वास ठेवतात.

तुझा कागद परत पाठवतो आहे. नवा लिही. जाण्यायेण्यात आठ दिवस जातील, म्हणजे आठ सकाळी. त्या तुझ्या ‘कदाचित’च्या. माझ्या नावावर घालू नकोस.

काल ती यंत्र बंद झाल्यावर हात चोळत बसली होती. मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, नाही मामा, थंडी आहे. तुझीच लेक. तूसुद्धा थंडीवरच ढकलायचीस.

तीन मार्चचं तिकीट मी काढून ठेवलं आहे. खिडकीजवळची जागा. तू मला काय वाटेल ते म्हण, मी दिलेला शब्द मोडत नाही.

दादा

४ मार्च

धाकटे,

सुतळी काल गाडीने उतरली नाही, तेव्हा तू स्टेशनवरून परत गेली असशील. गाडीच्या दोन तास आधी जाऊन बसली असशील, माहीत आहे मला. दादाने केसाने गळा कापला असं म्हणत घरी गेली असशील. म्हणून सगळं जसं झालं तसं लिहितो. पत्र पुरतं वाच, मधेच फाडू नकोस. सोबत वेगळ्या कागदावर सुतळीच्याही चार ओळी आहेत, तिने माझं पत्र पाहिलेलं नाही.

अठ्ठावीस तारखेला सर्जनने तिला वॉर्डात बोलावून घेतलं. माझ्या पाठीमागे. ऑपरेशनच्या वहीतलं तुझं पान दाखवलं. एवढ्यावर थांबला असता तर ठीक, पण त्या माणसाने तुझी दोन बोटं बरणीत घालून ठेवली आहेत, मलाही हे माहीत नव्हतं. ती बरणी त्याने तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, हे द्रावणाने होत नाही, मुली. तुझ्या मामाला विचार.

तिने मला काही विचारलं नाही. घरी आली, जेवली नाही, ट्रंक भरली. एक आणि दोन मार्चला सकाळी खोलीत आली नाही. त्या दोन दिवशी नळी मऊ आहे की कडक हे मला कळायला मार्ग नव्हता, अंदाजाने काम केलं. मला वाटलं, संपलं. तुझ्या मनासारखं झालं. कागद नसता तरी ती तुझ्याकडेच येत होती, धाकटे. हे तुला सांगायला नको होतं, पण हातून लिहिलं गेलं.

दोन तारखेला ती ट्रंक घेऊनच कमिटीच्या खोलीत आली. ट्रंक दाराशी ठेवली. तिला स्वतः काही बोलायचं होतं. शिंपी बाकावर पाय लांब करून बसला होता, सर्जन त्याच्या शेजारी. आधी अध्यक्षांनी तुझा कागद वाचायला घेतला. नवा कागद, तू पाठवलेला. सुंदर लिहिला आहेस. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

वाचून होताच सर्जन उठला आणि म्हणाला, हे क्ष-किरणांच्या डॉक्टरांनी स्वतःच लिहिलं आहे, हे त्या बाईचं अक्षर नाही, तिची बोटं कापायच्या आधीची सही माझ्या वहीत आहे. अध्यक्षांनी कागद फिरवून बघितला. माझ्या पाठीला घाम फुटला. तेवढ्यात सुतळी पुढे झाली आणि बघू म्हणाली.

तिने तो उभ्याने दोनदा वाचला. मग म्हणाली, “आईचंच अक्षर आहे. बोटं गेल्यावर ती डाव्या हाताने लिहायला माझ्या वहीत शिकली. हा तिचा ‘ह’ दुसरं कुणी काढू शकत नाही.” अध्यक्षांनी कागद परत घेतला. सर्जन खाली बसला. शिंप्याने पाय जवळ घेतला. दहा मिनिटांत चौकशी मिटली, आणि वर अध्यक्षांनी मला नव्या इमारतीत मोठी खोली द्यावी असा शेराही लिहिला.

काल सकाळी मी तिला तिकीट दिलं. खरंच दिलं. म्हटलं, खोलीत आता जागा नाही, आईकडे जा. ठामपणे म्हटलं. तर ती रडायला लागली. म्हणाली, मामा, मी दोन दिवस तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं, आणि आईलाही खोटारडी ठरवून बसले होते. तुम्ही रागावून मला घालवताय, पण मी जाणार नाही. तिकीट तिने माझ्या कोटाच्या खिशात परत घातलं.

मी काय करायला हवं होतं, सांग. ‘तुझ्या आईचा कागद खोटा आहे’ असं तिला सांगू? क्षणभर ओठांवर आलं होतं, तुझी शपथ. पण मग तिने विचारलं असतं, कागद कुणी लिहवून घेतला. आणि सर्जनपेक्षा, कमिटीपेक्षा तिच्या आईच्या अक्षरावर तिचा विश्वास आहे, तो मी कसा मोडणार? ते मला जमलं नाही.

आता तुझ्याकडूनही काही होण्यासारखं नाही, हे समजून घे. सहीनिशी लिहिलेलं खोटं होतं म्हणालीस तर तुझी शाळा जाईल आणि तिच्या लेखी तू कायमची खोटी ठरशील. एकदा असं आणि एकदा तसं सांगणारी आई. तुझी दोन्ही पत्रं मी स्टोव्हमध्ये घातली. तुझ्याच भल्यासाठी. फोडली नव्हती.

आज सकाळी सातला मी खोलीत गेलो तेव्हा ती माझ्याआधीच पडदे ओढून उभी होती. हात स्थिर होता. मधल्या बोटाचं पेर थोडं सुजलं आहे, पण हाडं स्वच्छ दिसतात.

आशीर्वाद लिहीत नाही. तुला ते नको असतील.

दादा

आई,

मामांच्या पाकिटात माझ्याही कागदाला जागा आहे म्हणून लिहिते. जूनमध्ये भांडून आले त्याबद्दल माफी मागायची होती, पण तू एकही पत्र पाठवलं नाहीस, मग मलाही हट्ट आला. तुझ्या मनातून मी उतरले असंच वाटत होतं. परवा कमिटीपुढे तुझा कागद हातात घेतला आणि फार बरं वाटलं. सर्जन काहीबाही सांगून घाबरवतात. मी खरंच घाबरले होते. बरणी बघितल्यावर झोप लागेना. तू वेळेवर लिहिलंस.

इतक्या दुरून मामांसाठी तू उभी राहिलीस, तेव्हा मीही राहायचं ठरवलं आहे. नव्या इमारतीत मोठी खोली मिळाली की रोज दुप्पट पेशंट होतील. माझ्या बोटांना थोडी खाज आहे, पण काळजी करू नकोस, ती कशाने आहे ते आता कळलं. मीही तुझ्यासारखीच वेंधळी. कागद वाचल्यापासून प्रत्येक काचेनंतर हात नीट कोरडे करते, बोटांच्या मधेसुद्धा.

तुझी

सुतळी